जाळ्यावरील सिरियल पोर्ट आणि सान्निध्याचा आभास

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव इचलकरंजीला इतके लागून आहे की, एकाची वस्ती कोठे संपते व दुसऱ्याची कोठे सुरू होते हे परक्या माणसास सहसा कळत नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यानंतर या परिसरात माग, सायझिंग, कापडाची प्रक्रिया व तदनुषंगिक उद्योग यांची जी वाढ झाली तीत कबनूरही सामील झाले. या उद्योगांतील यंत्रसामग्री एका पिढीची नाही. विसाव्या शतकातील मापनयंत्रे व एकविसाव्या शतकातील संगणक तेथे शेजारी शेजारी काम करतात आणि त्यांना एकमेकांचे बोलणे समजावे म्हणून काही ना काही योजना करावी लागते. अशा योजनांपैकी एकीचा, म्हणजे दूर असलेला सिरियल पोर्ट जाळ्याच्या साहाय्याने संगणकाला जणू स्वतःचाच आहे असा भासविण्याच्या रीतीचा, विचार येथे करावयाचा आहे.

विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. सायझिंगच्या कारखान्यात ताण्याच्या सुताला खळ देऊन ते बीमवर गुंडाळले जाते. सूत बहुधा एकाचे असते व सायझिंग दुसऱ्याचे. सुताने किती खळ घेतली हे खळ देण्यापूर्वीच्या व नंतरच्या वजनांतील फरकावरून ठरते, आणि मजुरीचा हिशेब व सुताच्या तुटीविषयीचे वाद याच आकड्यांपाशी येऊन थांबतात. तेव्हा वजनकाट्यावरचा आकडा दिवाणजीच्या वहीत, म्हणजे आता त्याच्या संगणकात, जसाच्या तसा पोचणे याला पैशाचे मोल आहे. काटा कारखान्याच्या एका टोकास, संगणक कचेरीत दुसऱ्या टोकास, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम जुना आहे असे समजावे. तो ज्याने लिहिला त्याचा ठावठिकाणा नाही, मूळ संहिता उपलब्ध नाही, आणि त्याला एवढेच ठाऊक आहे की, वजन ‘कॉम १’ नावाच्या पोर्टावर येते. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील अडचण मुळीच कल्पित नाही.

काट्याच्या मागील नऊ टाचण्यांचे जोडस्थान ज्या प्रमाणाला अनुसरते ते आरएस-२३२ हे प्रमाण प्रथम १९६० साली अमेरिकेत निघाले व त्याची सर्वांत अधिक रूढ झालेली ‘सी’ आवृत्ती १९६९ सालची आहे. मोडेम व टंकयंत्रासारखे टर्मिनल यांना जोडण्यासाठी ते आखले गेले. एकामागून एक बिट एकाच तारेवरून पाठविण्याची कल्पना मात्र तारायंत्राइतकी जुनी आहे. वेगाचे ‘बॉड’ हे एकक ज्याच्या नावावरून पडले तो एमिल बोदो हा फ्रान्सच्या तारखात्यातील माणूस होता आणि त्याच्या बहुविध तारायंत्राचे पेटंट १८७४ सालचे आहे.

या तारेवर एक अक्षर कसे जाते हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही. तार निष्क्रिय असता तिच्यावर ऋण दाब असतो. अक्षर सुरू होताच तो एका बिटाच्या काळापुरता धन होतो, मग आठ बिट जातात, आणि शेवटी एक बिटकाळ तार पुन्हा मूळ स्थितीस येते. येणेप्रमाणे एका अक्षरास दहा बिट लागतात. वेग ९६०० असेल तर सेकंदास ९६० अक्षरे, म्हणजे एका अक्षरास सुमारे १.०४ मिलिसेकंद. पाठविणारा व घेणारा यांच्यात घड्याळाची वेगळी तार नसते. वेग, बिटांची संख्या व पॅरिटी यांविषयी दोघांचे आधीच एकमत असावे लागते. याशिवाय काही तारा अक्षरांसाठी नसतात: ‘टर्मिनल सिद्ध आहे’ असे सांगणारी डीटीआर, ‘पाठवू का?’ असे विचारणारी आरटीएस, तिचे उत्तर देणारी सीटीएस, आणि पलीकडचा वाहक जिवंत असल्याचे सांगणारी डीसीडी. म्हणजे सिरियल पोर्ट हा केवळ अक्षरांचा प्रवाह नव्हे. प्रवाह, त्याच्या अटी व काही खुणा अशा तीन गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत. पुढे जी फसगत होते ती बहुधा हे विसरल्याने होते.

आरएस-२३२ ची तार फार लांब नेता येत नाही. पंधरा मीटर ही तिची परंपरेने मानलेली मर्यादा होय. आरएस-४८५ हे १९८३ सालचे प्रमाण दोन तारांतील दाबाच्या फरकावर चालत असल्याने सुमारे बाराशे मीटरपर्यंत जाते. परंतु जेथे शेकडो मोटरी चालतात तेथे कारखान्याच्या दोन टोकांची ‘जमीन’ विद्युद्दृष्ट्या एक असतेच असे नाही, आणि पावसाळ्याच्या आरंभी वीज कडाडली की लांब तारेच्या दोन्ही टोकांची यंत्रे एकदमच निकामी होण्याचा संभव असतो. इथरनेटच्या तारेत दोन्ही टोकांस रोहित्राचे विलगीकरण असते व ती बहुतेक कचेऱ्यांत आधीच ओढलेली असते. शिवाय आजच्या बहुसंख्य संगणकांना नऊ टाचण्यांचा पोर्टच उरलेला नाही. तेव्हा काट्याशेजारी एक लहान कन्व्हर्टर बसवावयाचा, त्याची एक बाजू सिरियल व दुसरी इथरनेट, आणि कचेरीतील संगणकात असा एक ड्रायव्हर घालावयाचा की जो ‘कॉम १’ असल्याची बतावणी करील, हा मार्ग सहजच सुचतो.

या कल्पनेचा पूर्वेतिहास थोडा उलट्या दिशेचा आहे. १९७१ साली आर्पानेटवर टिप नावाचे यंत्र आले. त्याला त्रेसष्टपर्यंत टर्मिनले जोडता येत व त्या टर्मिनलांवर बसलेल्या माणसांना जाळ्यातील दूरच्या संगणकावर काम करता येई. तेथे जाळे माणसाला संगणकाकडे नेत होते. आता जाळे संगणकाला उपकरणाकडे नेते. दिशा पालटली, पण दोहोंच्या मुळाशी असलेला टेलनेट हा करार तोच राहिला. त्याची आजही आधारभूत मानली जाणारी व्याख्या, आरएफसी ८५४, मे १९८३ मधील आहे. टेलनेटमध्ये २५५ या मूल्याच्या बाइटला ‘पुढे आज्ञा आहे’ असा अर्थ दिलेला आहे, त्यामुळे एकाच प्रवाहातून मजकूर व आज्ञा दोन्ही नेता येतात. याच सोयीचा लाभ घेऊन ऑक्टोबर १९९७ मध्ये आरएफसी २२१७ ने पोर्टाचे नियंत्रण करणारा एक पर्याय मांडला. त्याचा क्रमांक ४४. हा दस्तऐवज प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाला आणि तरीही प्रत्यक्ष व्यवहारात तो टिकून राहिला, हे संगणकविश्वाच्या एकंदर रीतीला धरूनच आहे.

त्यातील एक आज्ञा उलगडून पाहणे उद्बोधक होईल. हिशेबाच्या प्रोग्रॅमने ‘वेग ९६०० करा’ असे ड्रायव्हरला सांगितले म्हणजे ड्रायव्हर जाळ्यावर पुढील दहा बाइट पाठवितो: २५५, २५०, ४४, १, ०, ०, ३७, १२८, २५५, २४०. पहिले दोन उपवाटाघाटीचा आरंभ दर्शवितात व शेवटचे दोन तिचा अंत. ४४ हा पर्याय, १ म्हणजे वेग ठरविण्याची आज्ञा, आणि मधले चार बाइट म्हणजे प्रत्यक्ष वेग. ३७ गुणिले २५६ अधिक १२८ यांची बेरीज ९६०० होते. कन्व्हर्टर आपला वेग बदलतो व उत्तर देताना आज्ञेच्या क्रमांकात शंभर मिळवितो, म्हणजे १ च्या जागी १०१ येतो. उत्तरात मागितलेला वेग नव्हे, तर प्रत्यक्ष ठरलेला वेग असतो. बिटसंख्या, पॅरिटी, डीटीआर व आरटीएस यांची स्थिती, सीटीएस व डीसीडी यांतील बदलांची वर्दी, साठा रिकामा करणे, या सर्वांस असेच क्रमांक आहेत. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी, प्रवाह, अटी व खुणा, यांची सोय येथे झाली आहे हे उघड आहे.

याउलट बाजारातील पुष्कळ कन्व्हर्टर ‘रॉ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीनेही चालतात. तीत केवळ अक्षरे जातात व वेग कन्व्हर्टरमध्ये कायमचा बसविलेला असतो. ज्या काट्याचा वेग कधीच बदलत नाही त्याला ही रीत पुरते व ती अधिक सरळही आहे. परंतु एका टोकास रॉ व दुसऱ्या टोकास टेलनेट असा घोटाळा झाला तर त्याचा पत्ता लागणे कठीण असते. टेलनेटमध्ये मजकुरातील २५५ हा बाइट दुप्पट करून पाठवावा लागतो. वजनकाटा केवळ अंक व चिन्हे पाठवीत असल्याने २५५ कधी येतच नाही, आणि चूक महिनोन् महिने झाकून राहते. पुढे त्याच कन्व्हर्टरवर मॉडबस बोलणारा वीजमीटर जोडला, त्याच्या द्विमान मजकुरात पहिल्यांदा २५५ आला, की मधूनच एखादे वाचन बिघडू लागते. मग मीटरला दोष दिला जातो, तार बदलली जाते, आणि मूळ कारण जेथल्या तेथे राहते. टेलनेटचा द्विमान पर्याय मान्य करून न घेतल्यास ओळ परतविण्याच्या चिन्हामागे शून्य बाइट जोडण्याचा जो नियम आहे तोही असाच त्रास देतो.

संगणकाच्या आतील बाजूस बतावणी किती खोल आहे हेही पाहिले पाहिजे. विंडोजवर एक कर्नल-ड्रायव्हर पोर्टाच्या नावाने नोंदला जातो व प्रोग्रॅमच्या सर्व विनंत्या त्याच्याकडे येतात. तेथे बतावणी जवळजवळ पूर्ण करता येते. लिनक्सवर अनेकजण मिथ्या टर्मिनलांच्या जोडीचा सोपा मार्ग घेतात. जोडीचे एक टोक प्रोग्रॅमला पोर्ट म्हणून दिसते, दुसऱ्या टोकाशी बसलेला कार्यक्रम अक्षरे जाळ्यावर ढकलतो. अक्षरे जातात, यात शंका नाही. पण मिथ्या टर्मिनलला डीटीआर किंवा आरटीएस अशा तारा नसतातच. त्यांची स्थिती बदलू पाहणाऱ्या प्रोग्रॅमला नकार मिळतो, आणि वेग बदलण्याची विनंती यशस्वी झाल्यासारखी दिसूनही पलीकडे काहीच घडत नाही. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण नकार निदान कळतो.

आता काळाचा प्रश्न. या विषयातील खरी अडचण येथे आहे, आणि विक्रीच्या पत्रकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. सिरियल तारेवर वेळ हाही मजकुराचा भाग असू शकतो. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मॉडबसच्या आरटीयू रीतीत संदेश कोठे संपला हे कोणत्याही चिन्हाने सांगितलेले नसते. साडेतीन अक्षरांइतकी शांतता पडली की संदेश संपला असे मानावयाचे. त्या रीतीत एका अक्षरास अकरा बिट लागतात. ९६०० च्या वेगास ही शांतता सुमारे चार मिलिसेकंदांची होते. उलट संदेशाच्या मध्ये दीड अक्षराहून अधिक खंड पडता कामा नये. जाळ्यावरील टीसीपी हा करार अक्षरांचा क्रम कसोशीने पाळतो, पण त्यांच्यामधील अंतर पाळण्याचे वचन त्याने कधीच दिलेले नाही. तो अक्षरे आपल्या सोयीने एकत्र बांधतो, आपल्या सोयीने तोडतो. लहान लहान पुडकी टाळण्यासाठी जॉन नेगल याने १९८४ साली सुचविलेली युक्ती आणि घेणाऱ्या बाजूने पोच देण्यास केलेला विलंब, या दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाच्या गोष्टी होत. परंतु त्या एकत्र आल्या म्हणजे चार मिलिसेकंदांची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमपुढे कधी दोनशे मिलिसेकंदांचा विलंब उभा राहतो. ड्रायव्हरने नेगलची युक्ती बंद ठेवणे, कन्व्हर्टरने तारेवरील शांतता स्वतः ओळखून पूर्ण संदेश एकाच पुडक्यात पाठविणे, आणि प्रोग्रॅममध्ये सोय असल्यास प्रतीक्षेचा काळ वाढविणे, हे त्यावरील उपाय. प्रोग्रॅम बदलणे शक्य असेल तर मात्र पोर्टाची बतावणी सोडून मॉडबसचा टीसीपीसाठी बनविलेला प्रकार वापरणेच श्रेयस्कर. त्यात संदेशाची लांबी संदेशातच लिहिलेली असते व शांततेवर काहीच अवलंबून राहत नाही. सान्निध्याचा आभास ही जुन्या प्रोग्रॅमसाठी केलेली तडजोड आहे, नव्या रचनेसाठी घालून दिलेला आदर्श नव्हे.

सायझिंगच्या काट्याकडे परत वळू. असे काटे बहुधा दोन प्रकारचे असतात: मागितल्यावर वजन सांगणारे आणि न मागता सारखे सांगत राहणारे. दुसऱ्या प्रकारचा काटा सेकंदास दहा वेळा, दरवेळी बारा अक्षरांत, वजन पाठवितो असे धरू. म्हणजे सेकंदास १२० अक्षरे. कन्व्हर्टरचा साठा ४०९६ अक्षरांचा असला तर त्यात सुमारे चौतीस सेकंदांची वजने मावतात. त्याच्या पुढे टीसीपीचे दोन्ही टोकांचे साठे, आणि शेवटी संगणकातील ड्रायव्हरचा साठा. दिवाणजीचा प्रोग्रॅम काही वेळ वाचावयाचा थांबला, पडद्यावर दुसराच तक्ता उघडा राहिला, तर हे सर्व साठे भरत जातात. दरम्यान पहिला बीम उतरतो, दुसरा चढतो. दिवाणजी कळ दाबतो आणि प्रोग्रॅमला वजन मिळते, ते पहिल्या बीमचे! आकडा शुद्ध आहे, पॅरिटी बरोबर आहे, एकही अक्षर हरवलेले नाही. फक्त तो आकडा आताचा नाही. असा आकडा वहीत गेला तर तो खोटा आहे हे ओळखण्याचे कोणतेही चिन्ह त्याच्या अंगावर राहत नाही.

जवळच्या पोर्टावरही जुने अंक साचतात, आणि म्हणूनच जुने प्रोग्रॅम वाचण्यापूर्वी साठा रिकामा करण्याची आज्ञा देतात. तेथे एवढ्याने भागते, कारण ड्रायव्हरच्या साठ्यापलीकडे केवळ तार असते व तारेत काही साचत नाही. जाळ्यावरील पोर्टाच्या ड्रायव्हरने ही आज्ञा ऐकून फक्त आपला स्थानिक साठा ओतून दिला तर मागचे सारे साठे भरलेलेच राहतात व पुढच्या क्षणी तेच जुने अंक पुन्हा समोर येतात. आरएफसी २२१७ मध्ये यासाठी बारा क्रमांकाची आज्ञा आहे. तिच्याबरोबर १ हे मूल्य पाठविल्यास कन्व्हर्टरने तारेवरून आलेला साठा टाकून द्यावयाचा असतो. तरीसुद्धा जे अंक कन्व्हर्टरमधून निघून टीसीपीच्या हाती गेले ते परत बोलाविता येत नाहीत, ते येणारच. येथे टीसीपीचा क्रम पाळण्याचा स्वभाव उपयोगी पडतो. आज्ञेचे उत्तर, ११२ हा क्रमांक, त्याच प्रवाहातून येते. म्हणून त्या उत्तराच्या आधी आलेले प्रत्येक अक्षर जुने व नंतर आलेले प्रत्येक अक्षर साठा रिकामा झाल्यानंतरचे, असा निर्वाळा देता येतो. चांगला ड्रायव्हर उत्तर येईपर्यंत आलेले सर्व टाकून देतो आणि मगच प्रोग्रॅमला ‘साठा रिकामा झाला’ असे सांगतो. उत्तराची वाट न पाहणारा ड्रायव्हर बहुतेक दिवस बरोबर चालतो, आणि ज्या दिवशी जाळ्यावर गर्दी असते नेमक्या त्या दिवशी चुकतो. रॉ रीतीत अशी खूणच नसल्याने सतत बोलणाऱ्या काट्यासाठी ती वापरू नये. मागितल्यावर वजन सांगणाऱ्या काट्यासाठी वापरल्यास हरकत नाही, कारण तेथे प्रश्न व उत्तर यांची जोडी स्वतःच खुणेचे काम करते.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. टेलनेटमध्ये मजकूर उघडा जातो, आणि पुष्कळ कन्व्हर्टर विचारणाऱ्याची ओळखही मागत नाहीत. कारखान्याच्या भिंतीच्या आत जी तार होती तिला भिंत हेच कुलूप होते. तोच पोर्ट जाळ्यावर आला की ते कुलूप जाते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. त्या वेळी हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील सिरियल-इथरनेट कन्व्हर्टरांचे अंतर्गत प्रोग्रॅम पुसून त्यांवर निरुपयोगी मजकूर लिहिला. परिणामी दुरून आज्ञा देण्याचा मार्गच नाहीसा झाला व कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांत जाऊन स्विच हातांनी चालवावे लागले. वजनकाट्यावर असा हल्ला कोणी करील असे नव्हे. पण कन्व्हर्टर सार्वजनिक जाळ्यापासून अलग ठेवणे, आणि जेथे ते शक्य नाही तेथे संकेतबद्ध बोगद्यातून प्रवाह नेणे, याला फारसा खर्च येत नाही, आणि हिशेबाचा आकडा वाटेत कोणी बदलू शकणार नाही याची तेवढी तरी खात्री राहते.

राहिला प्रश्न वीज जाण्याचा. काट्याजवळील वीज गेली व कन्व्हर्टर बंद पडला तर तो कोणाचाही निरोप घेत नाही. कचेरीतील संगणक बॅटरीवर चालू असतो आणि त्याच्या दृष्टीने टीसीपीची जोडणी अबाधित असते, कारण शांतता म्हणजे मृत्यू असे टीसीपी मानीत नाही. पलीकडचा जिवंत आहे की नाही हे मधून मधून विचारण्याची सोय आहे, परंतु १९८९ सालच्या आरएफसी ११२२ प्रमाणे तिचा मूळ कालावधी दोन तासांहून कमी असता कामा नये. दोन तासांत किती बीम उतरतात याचा विचार त्या समितीपुढे असण्याचे कारण नव्हते. हा कालावधी ड्रायव्हरमध्ये काही सेकंदांवर आणता येतो व आणावा. उलट प्रकारही घडतो: संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो, पण एका वेळी एकच जोडणी स्वीकारणारा कन्व्हर्टर जुनी जोडणी जिवंत समजून नव्याला दार उघडत नाही. यासाठी तीच तपासणी कन्व्हर्टरच्या बाजूसही लावावी लागते.

जोडणी तुटल्याचे ड्रायव्हरला कळले तरी ते जुन्या प्रोग्रॅमला सांगावयाचे कसे? त्याला जाळे ही वस्तूच ठाऊक नाही. येथे १९६० च्या प्रमाणातील एक खूण कामी येते. डीसीडीची तार मुळात दूरध्वनीवरील वाहक तुटल्याचे सांगण्यासाठी होती. चांगले ड्रायव्हर टीसीपीची जोडणी असेतो डीसीडी ‘चालू’ दाखवितात व ती तुटताच ‘बंद’ करतात, आणि मोडेमच्या काळात वाहकाकडे लक्ष ठेवावयास शिकलेला प्रोग्रॅम लागलीच वाचन थांबवितो. ज्या प्रोग्रॅमने डीसीडीकडे कधी पाहिलेच नाही तो मात्र पडद्यावर शेवटचे वजन तसेच ठेवतो. तेथे दिवाणजीने काट्यावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच कळ दाबण्याची चाल चालू ठेवणे भाग आहे.